ट्यूबलाइट उशिरा का पेटते?



मागच्या खेपेला आम्ही विजेचे बिल कसे वाचावे याबद्दल लिहिले होते. या खेपेचा विषयही विजेचाच आहे, पण तो आम्हाला सुचला नाही. तो आमच्या पुढ्यात येऊन उभा राहिला, आणि त्यात आमची थोडी फजितीही झाली. ती लपवण्यात अर्थ नाही.

आम्ही कारकुनी करतो ती कचेरी सदाशिव पेठेत आहे. टिळक रोडवरून आत वळले की एका जुन्या वाड्याचा वरचा मजला. लाकडी जिना, जाड भिंती, लहान खिडक्या. भर दुपारी बारा वाजतासुद्धा दिवा लावल्याशिवाय फायलीतले अक्षर दिसत नाही. पुढच्या दालनात आता एलईडी आल्या आहेत, पण मागच्या रेकॉर्डच्या खोलीत अजून लोखंडी पट्टीवरच्या जुन्या चार फुटी ट्यूबा आहेत. बटण दाबले की फडफडतात, थांबतात, पुन्हा फडफडतात आणि मग कुठे उजेड पडतो.

चार महिन्यांपूर्वी कचेरीत एक मुलगी कंत्राटी पद्धतीवर लागली. दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतली. वडील नाहीत, आई चार घरची धुणीभांडी करते. बारावीनंतर टायपिंगच्या परीक्षा देऊन ही पोर पहिल्यांदाच नोकरीच्या खुर्चीत बसली. पहिल्या आठवड्यात साहेबांनी तिला आवक-जावकाचे काम एका दमात सांगितले. तिने विचारले, ‘सर, परत एकदा सांगाल का?’ साहेब हसून म्हणाले, ‘ही आपली ट्यूबलाइट दिसतेय.’ सगळी कचेरी हसली.

आणि आम्हीही हसलो.

पेठेतला टोमणा गोड आवाजात मारला जातो, त्यामुळे तो लागला तरी रडायची सोय नसते. ती पोर काही बोलली नाही. संध्याकाळी मात्र आमच्या टेबलापाशी आली आणि हळूच म्हणाली, ‘काका, मला खरंच उशिरा कळतं का हो?’ आमच्याजवळ उत्तर नव्हते. समाजात आम्ही भाषणे करतो, मुलांनी शिकावे म्हणून वस्तीवस्तीत फिरतो आणि आमच्याच वस्तीतल्या लेकराला हसतो! त्या रात्री जेवण गोड लागले नाही.

दोन दिवसांनी रेकॉर्डच्या खोलीतली एक ट्यूब पेटेनाशी झाली. नेहमीच्या वायरमन मामांना बोलावले. मामांची साठी उलटली आहे, शाळा सातवीपर्यंत, पण हाताला तीस-पस्तीस वर्षांचा अनुभव. आम्ही त्या मुलीलाही बोलावून घेतले आणि म्हणालो, ‘मामा, आज काम करता करता आम्हाला हे सगळे समजावून सांगा. ट्यूब उशिरा का पेटते?’ मामा म्हणाले, ‘भाऊसाहेब, वीस वर्षं तुम्ही मला बोलावता, पण हे कधी विचारलं नाहीत.’ घरी जाऊन पुस्तकातूनही पडताळले. ते सारे आमच्या भाषेत येथे देत आहोत.

आधी साधा पिवळा बल्ब पाहू. त्यात टंगस्टनची बारीक तार असते. वीज गेली की ती तापून लालपिवळी होते आणि उजेड देते. बटण दाबताच पेटतो म्हणून तो हुशार वाटतो. पण खाल्लेल्या विजेपैकी बहुतेक सगळी वीज तो उष्णतेत घालवतो. शंभर वॅटच्या बल्बपेक्षा चाळीस वॅटची ट्यूब जास्त उजेड देते. म्हणजे लगेच पेटणारा जास्त खातो आणि कमी देतो, तर उशिरा पेटणारी कमी खाते आणि जास्त देते.

ट्यूबमध्ये वीज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते, पण मध्ये तार नसते. काचेच्या नळीतली हवा काढून त्यात थोडा आरगॉन वायू आणि अगदी थोडा, काही मिलिग्रॅम, पारा घातलेला असतो. दोन्ही टोकांना छोट्या तारांची वेटोळी असतात, त्यांना फिलामेंट म्हणतात. त्यांवर बेरियमसारख्या धातूंच्या ऑक्साइडचा लेप असतो. तो तापला की त्यातून इलेक्ट्रॉन सहज बाहेर पडतात. ते नळीतून धावताना पाऱ्याच्या वाफेवर आदळतात आणि त्या वाफेतून किरण निघतात. पण ते असतात अतिनील, डोळ्यांना न दिसणारे. काचेला आतून जी पांढरी पावडर लावलेली असते ती हे किरण शोषून घेते आणि त्यांच्या बदल्यात पांढरा उजेड बाहेर टाकते. आपल्याला दिसतो तो उजेड त्या पावडरचा असतो.

अमेरिकेत पीटर कूपर ह्युइट यांनी १९०१ मध्ये पाऱ्याच्या वाफेचा दिवा केला. त्याचा उजेड हिरवट-निळा, माणसाचे तोंड मेल्यासारखे दिसे. आतून पावडर लावलेल्या, आज आपण ओळखतो तशा ट्यूबा तेथे १९३८ मध्ये बाजारात आल्या.

आता खरी अडचण. ट्यूब थंड असते तेव्हा चार फूट लांब नळी ओलांडून जायला घरातली २३० व्होल्टची वीज पुरत नाही. त्यासाठी दोन गोष्टी हव्यात. एक, दोन्ही टोके आधी तापली पाहिजेत. दोन, सुरुवातीला एक मोठा धक्का मिळाला पाहिजे. ही कामे स्टार्टर आणि चोक मिळून करतात.

मामांनी जुना स्टार्टर उघडून दाखवला. अॅल्युमिनियमची डबी, आत बोटाच्या पेराएवढी काचेची कुपी. कुपीत निऑनसारखा वायू आणि दोन पट्ट्या. त्यातली एक पट्टी दोन वेगळ्या धातूंची जोडपट्टी असते. दोन धातू तापल्यावर सारखे पसरत नाहीत, म्हणून ती पट्टी तापली की वाकते. शेजारी एक छोटा कपॅसिटर असतो. त्याचे मुख्य काम म्हणजे रेडिओतली खरखर कमी करणे. लहानपणी बातम्या ऐकताना शेजारची ट्यूब फडफडली की रेडिओ खरखरायचा, ते ज्यांना आठवते त्यांना हे पटेल.

बटण दाबले की काय होते ते आता क्रमाने पाहा. वीज चोकमधून, एका फिलामेंटमधून स्टार्टरपर्यंत येते आणि तेथून दुसऱ्या फिलामेंटमधून परत जाते. स्टार्टरच्या पट्ट्या तेव्हा एकमेकींना टेकलेल्या नसतात, म्हणून सगळा दाब त्या कुपीवर येतो आणि आतला वायू मंद चमकतो. त्या उष्णतेने जोडपट्टी वाकते आणि दुसरीला टेकते. टेकली की रस्ता पूर्ण होतो. आता दोन्ही फिलामेंटमधून चांगला प्रवाह वाहू लागतो आणि ट्यूबची टोके लालसर होतात. पण पट्ट्या टेकल्यामुळे कुपीतली चमक विझलेली असते. जोडपट्टी गार होते, सरळ होते आणि दुसरीपासून सुटते. वाहता प्रवाह एकदम तुटतो.

येथे चोकची करामत आहे. चोक म्हणजे लोखंडी पत्र्यांच्या थप्पीवर गुंडाळलेली तांब्याची तार. अशा गुंडाळीतून वाहणारा प्रवाह एकदम तोडला तर ती उसळी मारते. ही उसळी सहाशे ते हजार व्होल्टपर्यंत जाते, तीही क्षणभरच. टोके तापलेली आणि वरून हा धक्का, म्हणून वीज नळीतून आरपार जाते आणि ट्यूब पेटते.

मग एकदाच्या प्रयत्नात का पेटत नाही? आपल्या घरची वीज सेकंदाला पन्नास फेऱ्या मारते, म्हणजे प्रवाह सेकंदात शंभर वेळा शून्यावर येतो. पट्टी सुटली त्या क्षणी प्रवाह नेमका शून्याजवळ असेल, तर धक्का लहान बसतो. मग सगळे पुन्हा पहिल्यापासून. आपल्याला दिसणारी फडफड म्हणजे हे प्रयत्न असतात.

मामा एवढे सांगून थांबले, तेव्हा ती मुलगी म्हणाली, ‘मामा, एकदा पेटल्यावर स्टार्टर काढला तर?’ आम्ही मनात म्हटले, विझेल की! मामा हसले. नवा स्टार्टर बसवून ट्यूब पेटवली आणि शिडीवर उभे राहून त्यांनी तो स्टार्टर फिरवून काढून घेतला. ट्यूब जळतच राहिली! एकदा पेटली की ट्यूबच्या दोन टोकांमधला दाब शंभर व्होल्टच्या आसपास उतरतो. तेवढ्यात स्टार्टर पुन्हा चमकत नाही, त्याचे काम संपलेले असते. चोकचे काम मात्र चालूच राहते. पेटलेल्या ट्यूबमधला प्रवाह मोकाट सोडला तर वाढतच जाईल, त्याला चोक लगाम घालतो. (हा प्रयोग घरी करू नका. मामांचा हात सरावाचा आहे.)

वीस वर्षे त्या ट्यूबखाली बसून हा प्रश्न आम्हाला पडला नव्हता. जिला ट्यूबलाइट म्हटले तिला तो पडला.

आता घरच्या उपयोगाच्या गोष्टी.

ट्यूबची दोन्ही टोके सतत लाल राहून मधला भाग पेटत नसेल, तर बहुधा स्टार्टरच्या पट्ट्या चिकटलेल्या असतात. लगेच बटण बंद करून स्टार्टर बदला, नाहीतर फिलामेंट जळून चांगली ट्यूब वाया जाईल. टोके काळी पडली असतील आणि ट्यूब पेटून पुन्हा विझत असेल, तर तिचे आयुष्य संपत आले असे समजा. काहीच हालचाल नसेल, तर ट्यूबच्या पिना होल्डरमध्ये नीट बसल्या आहेत का ते बटण बंद करून पाहा. चोक गुणगुणत असेल, तर त्यातले पत्रे सैल झालेले असतात. बदलताना आधी स्टार्टर, मग ट्यूब आणि शेवटी चोक, असा क्रम ठेवा. सर्वांत स्वस्त वस्तू आधी बदलून पाहावी, हे आम्हा बी. कॉम. वाल्यांना सांगावे लागत नाही!

आणि एक महत्त्वाचे. सगळे ठीक असूनही ट्यूब पेटत नसेल, तर दोष घरात नसून येणाऱ्या विजेत असू शकतो. दाब १८० व्होल्टच्या आसपास किंवा त्याखाली गेला की चांगली ट्यूबही नुसती फडफडते. आमच्या लहानपणी, वीज मंडळाच्या काळात, वस्तीत संध्याकाळी सात वाजले की हाच प्रकार असे. मोठी मुले स्टार्टर काढून त्या जागी वायरचे दोन तुकडे टेकवून ट्यूब पेटवायची. ते फार धोक्याचे होते, कोणी करू नये. पण त्या वेळी आम्ही ट्यूबलाच शिव्या द्यायचो. दाब कमी आहे हे कोणी पाहत नसे.

कारखान्यात जाणाऱ्या बांधवांसाठी एक सूचना. साध्या चोकवरची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होते. डोळ्यांना ते कळत नाही, पण फिरत्या यंत्रावर त्याचा परिणाम दिसतो. ठरावीक वेगाने फिरणारा लेथचा चक या उजेडात थांबल्यासारखा किंवा उलटा फिरल्यासारखा भासू शकतो. म्हणून चांगल्या शॉपमध्ये शेजारशेजारच्या ट्यूबा वेगवेगळ्या फेजवर टाकतात किंवा यंत्रावर वेगळा दिवा देतात. आपल्या यंत्रावर असा भास होत असेल, तर सुपरवायझरच्या कानावर जरूर घाला. यात हात जाण्याचा धोका आहे.

आता हिशेब. जुनी ट्यूब ४० वॅट, तिचा चोक आणखी दहा-बारा वॅट खातो. एकूण ५२ वॅट धरू. रोज सहा तास, तीस दिवस, म्हणजे महिन्याला साधारण ९.४ युनिट. २० वॅटची एलईडी पट्टी जवळजवळ तेवढ्याच कामाचा उजेड देते आणि ३.६ युनिट घेते. महिन्याला पावणेसहा युनिट, वर्षाला सुमारे सत्तर युनिट एका ट्यूबमागे वाचतात. आपल्या बिलावरच्या दराने गुणून पाहा. म्हणून जुनी ट्यूब गेली तर त्याच पैशात पुन्हा ट्यूब बसवू नका. जुन्या पट्टीत एलईडी ट्यूब बसवताना मात्र चोक आणि स्टार्टरची जोडणी बदलावी लागू शकते, ते काम वायरमनकडूनच करून घ्या. तसेही ट्यूबांचे दिवस भरत आले आहेत. पाऱ्याबाबतच्या मिनामाटा कराराच्या देशांनी २०२३ मध्ये जिनिव्हाला ठरवले की या ट्यूबांचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत संपवायची. भारत २०१८ पासून या करारात आहे.

मिनामाटा हे जपानमधले किनाऱ्यावरचे गाव. तेथल्या एका रासायनिक कारखान्याने पाऱ्याचे सांडपाणी समुद्रात सोडले. ते मासळीत गेले आणि मासळी खाणाऱ्या गरीब कोळ्यांच्या अंगात गेले. हातपाय लुळे पडले, बोलणे गेले, मुले जन्मतःच अधू झाली. १९५६ साली या रोगाची सरकारी नोंद झाली. एका ट्यूबमधला पारा अगदी थोडा असतो, घाबरून जायचे कारण नाही. पण थोडा-थोडा पारा रोज कोणाच्या नाकातोंडात जातो, हे पाहिले पाहिजे.

त्या दिवशी मामांनी जुनी ट्यूब खाली काढली, तेव्हा आमचा शिपाई ती फोडून बादलीत टाकायला निघाला होता. ‘लांब आहे, बादलीत मावत नाही,’ म्हणाला. त्या मुलीनेच त्याला थांबवले. म्हणाली, ‘दादा, नका फोडू. सकाळी कचरा न्यायला मावशी येतात, त्या हातानं निवडतात. माझी मावशी तेच काम करते. तिच्या बोटांत काच गेली होती, पंधरा दिवस घरी बसली.’

पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली आणि पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था आली. २००८ पासून ती महापालिकेबरोबर घरोघरचा कचरा गोळा करते आहे. या कामातल्या बहुसंख्य आपल्याच वस्त्यांतल्या आयाबहिणी आहेत, हे वाचकांना सांगायला नको. पेठेतल्या कचेरीत फुटलेली ट्यूब शेवटी कोणाच्या हाताला लागते, याचा विचार आम्ही वीस वर्षांत केला नव्हता.

म्हणून विनंती अशी. जुनी ट्यूब फोडू नका. नव्या ट्यूबच्या खोक्यात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून अख्खी ठेवा आणि सुक्या-ओल्या कचऱ्यात न मिसळता, ‘यात ट्यूब आहे’ असे सांगून वेगळी हातात द्या. २०१६ च्या नियमांपासून अशा ट्यूबा ई-कचऱ्यात धरल्या जातात, तेव्हा ई-कचरा गोळा करणारे केंद्र जवळ असेल तर तेथेच पोचवा. ट्यूब घरात फुटलीच, तर आधी पंखा बंद करा, खिडक्या उघडा आणि मुलांना घेऊन पंधरा मिनिटे बाहेर थांबा. मग केरसुणी न लावता जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, उरलेली पावडर ओल्या कागदाने पुसा आणि सारे झाकणाच्या बरणीत किंवा जाड पिशवीत बंद करून वर चिठ्ठी लावा. हाताला पिशवी गुंडाळायला विसरू नका.

आमच्या कचेरीची गोष्ट राहिली. साहेबांना आम्ही त्या दिवशी काही बोललो नाही. तेवढे धैर्य झाले नाही, हे कबूल करतो. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा त्यांनी तिला सर्वांसमक्ष तोच शब्द वापरला. या वेळी आम्ही खुर्चीतून उठलो आणि म्हणालो, ‘साहेब, ट्यूब चांगली आहे. स्टार्टर आपल्याकडे आहे. काम एकदा सावकाश सांगून पाहा.’ कोणी हसले नाही. साहेबांनी आमच्याकडे पाहिले आणि फाईल पुढे ओढली. त्यांचे मत बदलले असे आम्ही म्हणणार नाही. पण दुपारी त्यांनी तिला बोलावून जावक नोंदवहीचे रकाने एकेक करून सांगितले, आणि त्यानंतर तो शब्द आमच्या कानावर आलेला नाही. नोंदवही आता तीच सांभाळते.

‘ट्यूबलाइट’ हा शब्द आपल्याही घरांत चालतो. २०१७ साली या नावाचा हिंदी सिनेमा येऊन गेला, त्यातल्या नायकालाही लोक हेच म्हणून चिडवतात. एका खोलीत सहा माणसे, टीव्ही चालू, आई कामावर, अशा घरात अभ्यासाला बसलेल्या पोराला गणित उशिरा कळले की आपणच म्हणतो, ‘हा आमचा ट्यूबलाइट!’ तसे म्हणण्याआधी एकदा पाहावे की त्याच्यापर्यंत पुरेसा दाब पोचतो आहे का, आणि त्याची दोन्ही टोके तापायला आपण वेळ दिला आहे का.

त्या मुलीने आम्हाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही अखेर तिला दिले. म्हणालो, ‘पोरी, तुला उशिरा कळत नाही. तुला नीट सांगितलं नव्हतं. आणि त्या दिवशी मी हसायला नको होतं.’ ती म्हणाली, ‘काका, जाऊ द्या.’ पण ते जाऊ द्यायचे नसते, म्हणून येथे लिहिले.

आपल्या घरच्या, कामाच्या जागेच्या अशाच वस्तूंविषयी काही विचारायचे असेल, तर वाचकांनी जरूर लिहावे. आम्हाला माहीत नसेल तर मामांना विचारू.